खांब कुणाचा? : आंतरविभागीय समन्वयाची बालबोध मार्गदर्शिका

(नव्यानं रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी. इतरांना अवलोकनार्थ.)

सर्वप्रथम अभिनंदन. लेखी परीक्षा, कागदपत्रं पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी ही सगळी दिव्यं करून तुम्ही एका मोठ्या महापालिकेच्या बांधकाम विभागात दाखल झाला आहात. टेबल मिळालं आहे, पण त्याच्या ड्रॉवरची किल्ली बदली होऊन गेलेल्या माणसाकडे आहे. ती मागवण्याचं पत्र आस्थापना विभागानं द्यायचं की भांडार विभागानं, हे ठरेपर्यंत ही मार्गदर्शिका वाचून होईल.

प्रशिक्षणात 'समन्वय' या विषयावर तुम्हाला एक सादरीकरण दाखवलं असेल. त्यात एकमेकांत बसलेली रंगीत दातेरी चाकं होती, हातात हात घातलेली माणसं होती आणि शेवटी 'धन्यवाद' होतं. ते विसरून जा. आपण हा विषय विजेच्या एका खांबावरून शिकणार आहोत.

खांब असा आहे. विकास आराखड्याप्रमाणे शहरातला एक रस्ता नऊ मीटरचा अठरा मीटर झाला. रुंदीकरण एकाच बाजूला झालं, त्यामुळे पूर्वी कडेला असलेला खांब आता रस्त्याच्या मधोमध उभा आहे. रात्री दुचाकीवाले त्याच्या डावीकडून जावं की उजवीकडून, याचा निर्णय शेवटच्या क्षणी घेतात. तुम्ही रुजू झाल्या दिवशीच उपअभियंता साहेबांनी या खांबाची फाइल तुमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "एवढं जरा बघून घ्या." 

पाठ पहिला : कुणाचंही चुकलेलं नाही

नवशिका माणूस खांब पाहतो आणि विचारतो, ही चूक कुणाची? असं विचारू नये. एक तर ते उद्धटपणाचं दिसतं, आणि दुसरं म्हणजे याला उत्तर नाही. बांधकाम विभागानं मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे रस्ता केला. अंदाजपत्रक दरसूचीवरून झालं. त्यात खोदाई, मुरूम, खडी, डांबर, कर्बस्टोन, पांढरे पट्टे, सगळं होतं. खांब हलवणं हे विद्युत काम, त्याची तरतूद विद्युत विभागानं करायची. विद्युत विभागाला रुंदीकरणाचा नकाशा मिळाला तेव्हा अर्थसंकल्प होऊन गेला होता, म्हणून त्यांनी ती केली नाही. महावितरणला कुणी पैसे भरले नाहीत, म्हणून महावितरणनं खांबाला हात लावला नाही. ठेकेदाराला मार्चअखेर बिल काढायचं होतं, त्यानं खांब सोडून बाकीच्या रस्त्याचं डांबरीकरण केलं. आणि तुमच्या आधीच्या कनिष्ठ अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत खांबाच्या बुडाएवढं क्षेत्रफळ इमानदारीनं वजा केलं. 

आता बोला. यात नियमाबाहेर कोण वागलं?

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मोठ्या कार्यालयातला घोळ बहुतेक वेळा कामचुकारपणातून निघत नाही. आपापलं काम चोख करणाऱ्यांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे एक पट्टा उरतो, त्यावर कुणाचंच नाव नसतं. खांब त्या पट्ट्यात उभा आहे.

शिवाय तो एकच खांब दिसत असला तरी कागदोपत्री तसा नाही. लोखंडी खांब आणि तारा महावितरणच्या. त्यावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा. दिव्याखाली लोंबणाऱ्या केबलींचं वेटोळं कुणाचं, हे केबलवाल्यांनाही सांगता येत नाही. वाढदिवसाचा फलक भावी नगरसेवकाचा, म्हणजे आकाशचिन्ह व परवाना विभागाचा. खांब जिथे न्यायचा, त्या नव्या पदपथाखाली पाण्याची वाहिनी आहे, म्हणून पाणीपुरवठा. तिच्या शेजारून ड्रेनेज जातं, म्हणून मलनिस्सारण. वर गुलमोहराची फांदी आडवी येते, म्हणून उद्यान विभाग आणि १९७५ च्या कायद्याखालचं वृक्ष प्राधिकरण. फांदी तोडायलाही परवानगी लागते. पैसे द्यायचे तर लेखा विभाग, आणि काम चालू असताना रस्ता अर्धा बंद ठेवायचा तर वाहतूक पोलीस.

तेवढ्यात बांधकाम विभागानं एक तात्पुरती उपाययोजना केलीच. खांबाला पिवळे-काळे पट्टे मारून वर रेडियमची पट्टी गुंडाळली. त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. रंग आणि रेडियम आपल्याच दरसूचीत आहेत. ठेकेदाराकडे पट्टीची तीन वर्षांची देखभालही दिली. 

पाठ दुसरा : पत्र कसं लिहावं

समन्वयाची सुरुवात पत्रानं होते. फोन करण्याचा मोह होईल, तो आवरा. फोनला जावक क्रमांक नसतो.

पत्र कुणी कुणाला लिहायचं, हे लग्नातल्या मानपानासारखं आहे. विहीणबाईंना पाटावर कुणी बसवायचं ते ठरलेलं असतं. तुम्ही कनिष्ठ अभियंता, म्हणून पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्याला पत्र लिहू शकत नाही. तुम्ही टिपणी लिहिणार, उपअभियंता ती वर सादर करणार, कार्यकारी अभियंता सही करणार, पत्र समपदस्थाकडे जाणार, तिथून ते उपअभियंत्याकडे उतरणार आणि शेवटी त्यांच्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात पडणार. तो तुमच्या शेजारच्या खोलीत बसतो. डबा तुम्ही दोघं एकत्र खाता. त्याला पत्र येणार हे त्याला ठाऊक आहे, तुम्हाला काय उत्तर येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी वाट पाहावी.

मजकुराचा नमुना पाठ करून ठेवा:

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर खांब हा आपले विभागाचे अखत्यारीतील असून त्यामुळे वाहतुकीस अडथळा निर्माण होत आहे. भविष्यात काही अनुचित प्रकार घडल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी आपले विभागाची राहील. तरी आपले स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती."

यातलं दुसरं वाक्य म्हणजे पत्र. बाकीचा मजकूर त्या वाक्याला आणायला आणि पोहोचवायला आलेला आहे. पत्र खांब हलवण्यासाठी लिहिलंय असं वाटत असेल तर तुम्ही अजून नवे आहात. उद्या कुणी त्या खांबावर आदळलं, चौकशी लागली, तर आपल्या फाइलमध्ये आपलं पत्र अगोदरच्या तारखेचं असलं पाहिजे. समोरच्या विभागालाही हे कळतं. त्यामुळे त्यांचं उत्तरही तयार असतं: "सदर बाब आपले विभागाकडील रुंदीकरणामुळे उद्भवली असल्याने आपले स्तरावरूनच कार्यवाही अपेक्षित आहे." 

दोन्ही पत्रं खरी आहेत. दोन्ही विभाग आता सुरक्षित आहेत. असुरक्षित फक्त तो दुचाकीवाला, पण त्याला प्रत दिलेली नसते.

प्रतीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. पत्र ज्याला लिहिलं त्याच्यापेक्षा 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' ज्यांना केली, त्यांच्यासाठी लिहिलेलं असतं. खाली आयुक्तांचं नाव असलं की समोरचा विभाग उत्तर देतोच. काम करतो असं नाही, उत्तर देतो.

महावितरणचं उत्तर मात्र वेगळ्या जातीचं येईल. ते नाही म्हणत नाहीत. ते अंदाजपत्रक पाठवतात. पूर्ण रक्कम भरा, आम्ही काम करतो. किंवा परवानाधारक ठेकेदाराकडून तुम्हीच काम करून घ्या आणि आम्हाला १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरा. म्हणजे इथे प्रश्न मालकीवरून एकदम पैशावर येतो, ही खरं तर प्रगती आहे. पण पैसे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, हा प्रश्न घेऊन फाइल लेखा विभागात जाते, आणि लेखा विभाग विचारतो, की बांधकाम विभागाच्या शीर्षातून विद्युत काम कसं करता येईल? तेव्हा पुन्हा वरचा नमुना.

पहिल्या पत्राला उत्तर नाही आलं, तर स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन. त्यानंतर अर्धशासकीय पत्र. हे एक साहेब दुसऱ्या साहेबांना नावानिशी लिहितात, सुरुवात हातानं 'प्रिय' लिहून करतात, आणि मजकूर तोच असतो.

पाठ तिसरा : वेळेचं गणित

महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवर एक कायदा आहे, २००५ चा. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला, आणि लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. तो राज्य शासनाच्या नोकरांसाठी केलेला असला तरी सरकारी खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकानं त्याचं दहावं कलम वाचावं. साधारणपणे कोणतीही फाइल एका माणसाकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तात्काळ फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. आणि पुढे मर्म आहे: दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर निर्णय आणि कार्यवाही ४५ दिवसांत, पाठवायची गरज असेल तर तीन महिन्यांत.

कायदा करणाऱ्यांना कार्यालयं माहीत होती, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याला विचारायचं म्हटलं की काम दुप्पट लांबतं, हे त्यांनी गृहीतच धरलं. यातून हुशार कर्मचाऱ्यानं काय शिकायचं, ते उघड आहे. ४५ दिवस अपुरे पडतायत असं वाटलं की कुणाला तरी विचारावं. विधी विभागाचे अभिप्राय घ्यावेत. नगररचनाकडून नकाशा प्रमाणित करून घ्यावा. विचारण्यासारखं काहीच नसेल, तर मागच्या वेळी काय विचारलं होतं ते विचारावं.

सात दिवसांच्या अटीवर उपाय जुना आहे. सहाव्या दिवशी फाइलवर एक शंका काढायची. 'पताका ब वरील नकाशा अस्पष्ट आहे, स्पष्ट प्रत जोडून फेरसादर करावे.' फाइल परत गेली, आपले सात दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले. याहून वरची पायरी म्हणजे 'चर्चा करावी' हा शेरा. तो पडला की कर्मचाऱ्यानं फाइल घेऊन साहेबांकडे जायचं असतं, आणि साहेब व्हीसीवर असतात.

आता ई-ऑफिस आलं आहे. फाइल कुणाच्या खात्यावर किती दिवस पडून आहे, हे वरच्यांना बसल्या जागी दिसतं. त्यामुळे कामाला वेग आला, असं तुम्हाला सांगण्यात येईल. आलाही आहे. फक्त आता फाइल संगणकावर चढवण्याआधी तिची कागदी प्रत सगळीकडे फिरवून आणायची, 'आधी सगळ्यांनी बघून घ्या, मग ऑनलाइन टाकू', अशी पद्धत पडली आहे. संगणकावर ती एका दिवसात मंजूर होते.

पाठ चौथा : बैठक आणि संयुक्त पाहणी

पत्रं पुरेशी झाली की कुणीतरी वरून म्हणतं, सगळ्यांना एकत्र बसवा. याला समन्वय बैठक म्हणतात.

बैठकीचं पत्र अधीक्षक अभियंत्यांना जातं. ते त्या दिवशी दौऱ्यावर असतात, म्हणून कार्यकारी अभियंत्यांना पाठवतात. त्यांना कोर्टाची तारीख असते, ते उपअभियंत्यांना सांगतात. उपअभियंते साइटवर, म्हणून कनिष्ठ अभियंता. तोही नाही, म्हणून शेवटी येतात ते भाऊसाहेब. म्हणजे लिपिक. भाऊसाहेब हजेरीपटावर सही करतात, चहा घेतात, आणि त्यांच्यावर पाळी आली की म्हणतात, "मला फक्त बसायला सांगितलंय." बैठकीत एवढं खरं बोलणारा माणूस दुसरा नसतो. महावितरणचा प्रतिनिधी असतो तोही दुसऱ्या उपविभागाचा निघतो. त्याच्या हद्दीत रस्त्याची पलीकडची बाजू येते. खांब पूर्वी त्या बाजूला नव्हता, आता मधोमध आहे, म्हणून त्यालाच बोलावलं गेलं.

निर्णय होतो: संयुक्त पाहणी करण्यात यावी.

संयुक्त पाहणीला मात्र जाच. ती पाहण्यासारखी असते. सकाळी साडेदहाची वेळ ठरते आणि सव्वाबाराला पाच गाड्या खांबाभोवती उभ्या राहतात. त्यामुळे आधी खांबानं अर्धा रस्ता अडवला होता, तो आता पूर्ण अडतो. मागून बसवाला हॉर्न देतो. साहेब लोक उतरतात आणि खांबाकडे बघतात. मग प्रत्येक जण खांबाला एकदा हात लावून बघतो; का, ते सांगता येणार नाही, पण लावतो. उद्यान विभागाची मॅडम वर बघते आणि म्हणते फांदी आमची आहे पण ती तारेला लागत नाहीये, तार फांदीला लागतेय. पाणीपुरवठ्याचा माणूस पदपथावर पाय आपटून म्हणतो, लाइन इथनं जाते. मलनिस्सारणवाला म्हणतो, नाही, इथनं आमची जाते, तुमची पलीकडनं. नकाशा कुणाकडे आहे? नकाशा आहे, पण १९८० च्या सुमाराचा, आणि त्यात जी खूण दाखवली आहे ती एका पिठाच्या गिरणीपासून मोजलेली आहे. गिरणी आता नाही. समोरचा चहावाला सांगतो, गिरणी तिथं होती, त्या एटीएमच्या जागी. मग सगळे एटीएमपासून पावलं टाकत मोजतात. 

महावितरणचे साहेब खांबाचा नंबर विचारतात. नंबर होता, रंगानं लिहिलेला. त्यावर तुमच्या विभागानं पिवळे-काळे पट्टे मारले आहेत.

शेवटी सगळ्यांचा खांबासह फोटो काढतात, जिओटॅग करून. फोटोत आठ माणसं आहेत आणि खांब सोडला तर सगळे हसतायत. इतिवृत्तात येतं: 'सर्व संबंधित विभागांनी आपापसात समन्वय साधून सदर खांब तात्काळ स्थलांतरित करावा.' कोणी, हे त्यात येत नाही. येऊ नये. नाव आलं की ज्याचं आलं तो इतिवृत्तावर हरकत घेतो आणि दुसरी बैठक लावावी लागते.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल थोडक्यात. 'खांब समन्वय' नावाचा ग्रुप निघेल. त्यावर फोटो पडेल, खाली सतरा वेळा 'नोटेड सर' येईल. पंधरा दिवसांनी त्यावर फक्त एकादशीच्या शुभेच्छा उरतील. अॅडमिनची बदली झाली तरी ग्रुप सोडू नका, चुकून कधी साहेब विचारतात.

नोडल अधिकारी नेमला जाईल. तो तुम्हीच.

प्रगत अभ्यासक्रम : अंधेरी

खांब ही प्राथमिक शाळा झाली. पुढचं शिक्षण अंधेरीला मिळतं. तिथला रेल्वेवरचा गोखले पूल. ३ जुलै २०१८ ला त्याच्या पादचारी भागाचा तुकडा रुळांवर कोसळला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला आणि नव्यानं बांधायला घेतला. रुळांवरच्या भागाला रेल्वेच्या नियमांप्रमाणे उंची वाढवावी लागली. ती वाढवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुलाची एक बाजू खुली झाली, आणि मुंबईकरांना दिसलं की पश्चिमेकडून येणारा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी ज्या पुलाला जाऊन मिळत होता, तिथे आता मध्येच थांबतोय. दोन्ही पुलांमध्ये माणूसभर पायरी पडली होती.

हसायला सोपं आहे आणि मुंबई तेव्हा मनसोक्त हसली. पण आपण अभ्यासक आहोत, तेव्हा पहिला पाठ आठवा. रेल्वेनं मागितलेली उंची नियमात बसणारी होती. महापालिकेनं त्या उंचीचा पूल बांधला. बर्फीवाला पूल जिथे होता तिथेच होता, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मग व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना विचारून बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलला, एका टोकाला जवळजवळ १.४ मीटर, आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले. हे काम अवघड होतं आणि ते चांगलं झालं, यात शंका नाही. पण पुलाचा भाग जॅकवर चढवायला काही महिने लागतात, आणि दोन विभागांचे नकाशे एका टेबलावर ठेवायला एक दुपार पुरते. ती दुपार कोणत्या लेखाशीर्षात टाकायची, हे मात्र अजून कुणी ठरवलेलं नाही.

केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप काढलं. जेसीबी लावण्याआधी जमिनीखाली कुणाची केबल, कुणाची पाइपलाइन आहे ते त्यांना विचारायचं, एवढंच त्याचं काम. विचार उत्तम. देशपातळीवर एवढं मोठं यंत्र उभारावं लागलं, यावरून शेजारच्या खोलीत जाऊन विचारणं किती अवघड असतं ते कळावं.

कधी कधी जमतं, त्याविषयी

निराश होऊ नका. हीच माणसं, हेच विभाग कधी कधी एका दमात काम करतात. आषाढी वारी बघा. आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्या पुणे, सातारा, सोलापूर असे जिल्हे ओलांडत पंढरपूरला जातात. लाखो माणसं चालतायत, रोज मुक्काम बदलतोय. पोलीस, आरोग्य, पाणी, महसूल, एसटी, ग्रामपंचायती, सगळे आपापली माणसं वेळेवर उभी करतात. टँकर येतो, दवाखाना लागतो, घाटात रस्ता बंद होतो आणि पुन्हा उघडतो. का जमतं? भक्ती आहेच. पण मला विचाराल तर मोठं कारण असं, की एकादशी पंचांगात छापलेली असते. ती पुढे ढकलता येत नाही, तिला मुदतवाढ मिळत नाही, आणि तिचे अभिप्राय मागवता येत नाहीत. ज्या कामाची तारीख कुणाच्या हातात नसते, त्या कामात कोणाचा विभाग कोणता हे विचारायला सवड मिळत नाही.

दुसरं कारण सामाईक धाक. मंत्र्यांचा दौरा जाहीर झाला की रात्रीत रस्ता होतो, खड्डे बुजतात, फलक उतरतात. एरवी आपण 'बारभाईचा कारभार' म्हणून नाक मुरडतो, पण १७७४ चे बारभाई एकमेकांचे काही फार लाडके नव्हते. राघोबादादा नको, एवढ्या एका मुद्द्यावर ते एकत्र आले आणि त्यांनी दादांना पेशवाईवरून दूर केलं. तुमच्या खांबाच्या रस्त्यावरून कुणाचा दौरा जाईल का, ते चौकशी करून ठेवा.

पाठ शेवटचा : खांब प्रत्यक्षात कसा हलतो

आता जे सांगतो ते परीक्षेत येत नाही.

पत्रं, बैठका, पाहणी, इतिवृत्त हे सगळं होऊन खांब जागच्या जागी असताना एके दिवशी डबा खाताना पाणीपुरवठ्याचा तो शेजारचा कनिष्ठ अभियंता तुम्हाला विचारेल, "तुमचं गाव कुठलं?" या प्रश्नाला गप्पा समजू नका. राज्यातला निम्मा समन्वय या प्रश्नातून सुरू होतो. उरलेला निम्मा "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?" यातून. बोलता बोलता निघतं, की महावितरणच्या खांबाच्या उपविभागातला कनिष्ठ अभियंता आणि तुम्ही एकाच तंत्रनिकेतनात डिप्लोमाला होतात; तो तुम्हाला एक वर्ष सीनियर. तुम्ही फोन लावता. तो म्हणतो, "अरे, मग आधी का नाही सांगितलंस? गुरुवारी आमचं शटडाउन आहेच त्या फीडरवर. हायड्रा क्रेन मिळेल का तुझ्याकडे?"

हायड्रा रस्त्याच्या ठेकेदाराकडे आहे. त्याचं शेवटचं बिल तुमच्याकडे आहे, त्यामुळे तो नाही म्हणत नाही. पाण्याची लाइन नेमकी कुठून जाते हे नकाशात नसलं तरी त्या भागातल्या व्हॉल्वमनला माहीत आहे; तीस वर्षं तो तिथल्या चाव्या फिरवतोय. तो येतो, चपलेच्या टोकानं डांबरावर रेघ ओढतो आणि म्हणतो, "साहेब, हिकडं खांदा, हितं काय न्हाय." गुरुवारी दुपारी लाइन बंद होते. दोन वायरमन वर चढून तारा सोडतात. हायड्रा खांबाला पट्टा बांधून तो उचलतो, तेव्हा खांब जरा डुलतो आणि चहावाला दुकान सोडून बाहेर येतो. नव्या खड्ड्यात उभा करतात, ओळंबा धरतात, बुडाशी काँक्रीट ओततात, तारा ओढतात. गुलमोहराची फांदी तारेला लागतच नाही. मॅडम बरोबर सांगत होत्या. संध्याकाळी साडेपाचला लाइट येते. खर्च म्हणाल तर मिसळ आणि चहा, तेही ठेकेदारानं दिलं.

रस्ता मोकळा. साहेब खूश. ग्रुपवर फोटो पडला, खाली सतरा वेळा 'ग्रेट वर्क सर'.

आणि इथून तुमच्या अडचणींना सुरुवात होते. खांब उभा होता तोवर फाइल बिनदोष होती. आता खांब हलला आहे, पण तो हलवण्याचा आदेश कुठेच नाही. अंदाजपत्रकाची रक्कम भरलेली नाही, पर्यवेक्षण शुल्क नाही, खोदाईची परवानगी नाही, हायड्राच्या भाड्याची नोंद नाही, मोजमाप पुस्तिकेत ओळ नाही. कागदाच्या नजरेनं पाहिलं, तर अज्ञात इसमांनी महावितरणची मालमत्ता हलवली आहे. म्हणून कार्योत्तर मंजुरीचा प्रस्ताव तयार करा. त्यात 'जनहितास्तव' आणि 'तातडीची निकड' हे दोन्ही शब्द घ्या, संयुक्त पाहणीचा फोटो जोडा, आणि मिसळीचा उल्लेख टाळा. प्रस्ताव विद्युत, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, उद्यान, आकाशचिन्ह व परवाना, लेखा या सर्व विभागांच्या अभिप्रायांसाठी जाईल. सर्वांचे अभिप्राय येतील. पाणीपुरवठ्याच्या अभिप्रायावर तुमच्या डब्यातल्या मित्राचीच सही असेल: 'सदर कामाबाबत या विभागास पूर्वकल्पना देण्यात आलेली नव्हती.' मनाला लावून घेऊ नका, त्यालाही नोकरी आहे. दुसऱ्या दिवशी डबा एकत्रच खा.

लेखापरीक्षणाचा परिच्छेद साधारण वर्षभरानं येतो. खांब हलवल्याबद्दल त्यात काही नसेल, कारण खांब हलवल्याचा कागदच त्यांच्या समोर आलेला नाही. त्यांच्यासमोर आलं आहे ते रेडियम पट्टीचं देखभाल देयक. लेखापरीक्षक जागेवर जाऊन आले, त्यांना रस्त्याच्या मधोमध खांब आढळला नाही. परिच्छेद असा:

'रस्त्याच्या मध्यभागी अस्तित्वात नसलेल्या खांबास रेडियम पट्टी लावून तिच्या देखभालीपोटी ठेकेदारास रक्कम अदा करण्यात आल्याचे दिसून येते. सदर रक्कम संबंधितांकडून वसूल का करण्यात येऊ नये, याचा खुलासा बांधकाम विभागाने विद्युत विभागाशी समन्वय साधून सात दिवसांत सादर करावा.'